सेटलमेंट

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये, असं मी लेकीला बजावलं होतं. ती म्हणाली, "आई, इथलं ऊन वेगळं आहे." मी हसले. चाळीस वर्षं सोलापुरात काढलेली बाई मी. मे महिन्यात डांबर वितळून चाकाला चिकटायचं, त्या रस्त्यांवरून लेडीज सायकलनं शाळेत गेलेली, साडीचा पदर खोचून आणि पिशवी हँडलला अडकवून. मला कसलं ऊन दाखवता? पण ती म्हणाली ते खरं निघालं. पर्थच्या उन्हात घाम येत नाही, वाऱ्यात गार वाटतं आणि संध्याकाळी आरशात बघावं तर मान तांबडीलाल झालेली असते. सोलापूरचं ऊन निदान तोंडावर सांगून मारतं.

तर जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, लेक, जावई, नातू आणि मी असे चौघं रॉटनेस्ट नावाच्या बेटावर एका दिवसाच्या सहलीला गेलो. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी फोनवर फोटो पाहिलेच आहेत. हेल्मेट घातलेल्या माझ्या फोटोवर आमच्या वन्संनी जे काही लिहिलं ते मी विसरलेले नाही! पण फोटोत जे आलं नाही ते लिहायचं राहिलं होतं. इतके महिने टाळत होते. कारण पुढे येईलच.

पर्थचं बंदर म्हणजे फ्रीमँटल. तिथून बोटीनं अर्ध्या तासात बेट येतं. अकरा किलोमीटर लांब, जास्तीत जास्त साडेचार किलोमीटर रुंद. खासगी मोटारींना तिथे मज्जाव आहे. बसगाडी फिरते, पण खरी मजा सायकलची. बोटीतून माणसांबरोबर सायकलीही उतरतात आणि ज्यांच्याकडे नसतील त्यांना बेटावर भाड्यानं मिळतात. हेल्मेट घालावंच लागतं, तसा कायदाच आहे. चौपन्नाव्या वर्षानंतर मी सायकल चालवली नव्हती. गुडघे कुरकुरले, पहिली दहा पावलं सायकल वेडीवाकडी गेली, नातू "आजी, ब्रेक, ब्रेक!" करून ओरडला, पण मग जमलं. सायकल आणि पाढे विसरत नाहीत म्हणतात ते खरं आहे. फक्त गिअरचा खटका मला शेवटपर्यंत कळला नाही. त्यामुळे चढ आला की मी सरळ उतरून ढकलत होते.

धक्क्यावर एक नकाशा फुकट मिळतो. त्यात जिथे दुकानं, बेकरी, हॉटेल, म्युझियम आणि घरं आहेत त्या वस्तीच्या जागी लिहिलं होतं, 'सेटलमेंट'. मी थबकले. सोलापूरच्या माणसाला हा शब्द असा सहज वाचता येत नाही. नातवाला म्हटलं, "अरे, इथेही सेटलमेंट आहे का?" तो म्हणाला, "आजी, म्हणजे गाव गं." असेल बाबा. आम्ही पुढे निघालो.

वस्तीतच अंजिराच्या कुळातली मोठाली झाडं आहेत, थेट आपल्या वडासारखी ऐसपैस. त्यांच्या सावलीला क्वोका नावाचा प्राणी बसलेला असतो. कांगारूचा धाकटा चुलतभाऊ म्हणा. मांजराएवढा, पोटाला पिशवी, आणि तोंडाची ठेवण अशी की सतत हसतोय असं वाटावं. टेनिसपटू रॉजर फेडररनं २०१७च्या डिसेंबरात त्याच्याबरोबर फोटो काढला आणि जगाला लागलेलं त्याचं वेड आणखी वाढलं. १६९६ साली विलेम डी व्लामिंग नावाचा डच दर्यावर्दी इथे उतरला तेव्हा त्याला हे मोठे उंदीरच वाटले. त्यानं बेटाला नाव दिलं 'उंदरांचं बीळ'. त्या डच शब्दांचं पुढे रॉटनेस्ट झालं. मूळ नाव मात्र वाजेमप. किनाऱ्यावर राहणाऱ्या नूंगार लोकांचं हे नाव. पाण्यापलीकडची, जिथे आत्मे राहतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि हा भूभाग मुख्य जमिनीपासून तुटला. त्याआधी माणसं तिथे चालत जात असत. त्यांची दगडी हत्यारं बेटावर सापडली आहेत. म्हणजे डच यायच्या हजारो वर्षं आधीपासून त्या जागेला नाव होतं. नंतर ज्यानं ते उंदरांवरून ठेवलं त्याचं टिकलं. असो.

दक्षिण किनाऱ्यानं रस्ता जातो. पार्कर पॉइंट, लिटल सॅमन बे, मग सॅमन बे. समुद्राचा रंग मी वर्णन करत बसत नाही, तुम्ही म्हणाल आजीबाईंना कविता सुचली. एवढंच सांगते की कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या डोळ्यांना तो खोटा वाटतो, कुणी निळीची पुडी ओतल्यासारखा. रस्ता डांबरी आणि चांगला. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, सावली नावाला नाही. माशा मात्र आपल्या गुऱ्हाळावरच्यासारख्या. दहा वाजताच पाण्याची पहिली बाटली संपली. शेजारून पोरं-पोरी पोहायच्या कपड्यांत, पायांत चपला, पाठीवर टॉवेल टाकून घंट्या वाजवत जात होती. सगळे एकमेकांना हसून हात करतात. मीही करत होते. आनंदाची जागा आहे ती, त्यात शंका नाही.

जावई आणि नातू पश्चिम टोकापर्यंत जाणार होते. पूर्ण फेरी बावीस किलोमीटरच्या आसपास होते. आम्ही दोघींनी मधूनच दीपगृहाकडे वळायचं ठरवलं. बेटाची सर्वांत उंच टेकडी तीच. उंच म्हणजे पंचेचाळीस मीटर, पण बाराच्या उन्हात सायकल ढकलताना ती मला सिंहगड वाटली. वर पोचून दीपगृहाच्या सावलीत बसले. सावली भिंतीला चिकटून हातभर होती, तिच्यात पाठ लावून आम्ही मायलेकी बसलो आणि डबा काढला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. (चटणी मी लेकीच्याच घरी कुटली. विमानतळावर काही म्हणजे काही आणू देत नाहीत.) भाकरीचा तुकडा मोडताना समोरच्या फलकाकडे लक्ष गेलं. शिक्षकी सवय, फलक दिसला की वाचायचा.

इथलं पहिलं दीपगृह १८४९ सालचं. आता उभं आहे ते १८९६चं. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ते पहिलं दगडी दीपगृह कुणी बांधलं? कैद्यांनी. मी लेकीला म्हणाले, "हो, इंग्लंडहून आणलेले कैदी ना." चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला. ऑस्ट्रेलिया म्हणजे इंग्रज कैद्यांनी वसवलेला देश, हे वाक्य किती वर्गांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. लेक म्हणाली, "नाही आई. इथले लोक. आदिवासी."

हाताशी असलेल्या साध्या हिशेबानंसुद्धा मला ते आधी कळायला हवं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वसाहत १८२९ची, आणि ती सुरू झाली ती स्वखुशीनं आलेल्या गोऱ्यांची म्हणून. इंग्लंडहून कैदी यायला लागले १८५० मध्ये आणि १८६८ पर्यंत जवळजवळ दहा हजार आले. बेटावरचा तुरुंग त्याच्या बारा वर्षं आधीचा. ज्या वसाहतीत अजून एकही गोरा कैदी आणलेला नव्हता, तिनं तुरुंगाचं बेट आधी केलं ते ज्यांची जमीन घेतली त्यांच्यासाठी.

पहिली तुकडी आली १८३८च्या ऑगस्टमध्ये. त्यातले कैदी बेटावरच्या एका गोऱ्याची होडी पळवून निसटले होते. वाचून बरं वाटलं. १८४१ मध्ये रीतसर कायदा करून सगळं बेटच तुरुंग ठरवलं गेलं. साखळदंडात डांबून ठेवण्यापेक्षा बेटावर जरा मोकळं ठेवता येईल, असा दयाळू युक्तिवाद त्यामागे होता. (कायदे करणाऱ्यांच्या दयेबद्दल वाचताना मला नेहमी भीती वाटते.) प्रत्यक्षात हेन्री व्हिन्सेंट नावाच्या अधीक्षकानं ते बेट कित्येक वर्षं चालवलं आणि त्याच्या क्रूरपणाबद्दल त्याच काळात चौकशी बसवावी लागली होती. मधली काही वर्षं तुरुंग बंद होता, १८५५ मध्ये पुन्हा सुरू झाला. अधिकृतरीत्या तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाला, पण कैद्यांना कामाला जुंपणं १९३१ पर्यंत चालू राहिलं. एवढ्या काळात तिथे आणलेले पुरुष आणि मुलगे मिळून सुमारे तीन हजार सातशे. हो, मुलगेही. काही अगदी शाळकरी वयाचे.

गुन्हे काय? खुनाचेही होते, नाही असं नाही. पण फार मोठा भाग चोरीचा. मेंढी मारली, गाय भोसकली, पिठाचं पोतं नेलं, मालकाचं काम सोडून पळाला. ज्या माळावर पिढ्यान् पिढ्या शिकार केली त्याच माळावर आता मेंढ्या चरत होत्या, पाणवठे मेंढ्यांसाठी गेले होते. त्यातली एक मारून खाल्ली की ती चोरी. मग गळ्यात साखळी घालून, एकाला एक जोडून, चालवत बंदरापर्यंत. काही कैदी उत्तरेच्या किंबर्ले भागातून आणलेले, दोन हजार किलोमीटरवरून. सोलापूरहून श्रीनगरला नेऊन टाकण्यासारखं. बोली वेगळ्या, एकमेकांचं बोलणं एकमेकांना कळत नाही. काहींनी समुद्र कधी पाहिलेला नाही. आणि इथल्या हिवाळ्यातली थंडी आणि पावसाळी हवा.

दीपगृहावरून उतरलो ते सरोवरांच्या बाजूनं. बेटाच्या मध्यावर खारट पाण्याची तळी आहेत, काही गुलाबी झाक असलेली, काठाला फेस आणि मिठाचे थर. उतार असल्यामुळे मला पायडल मारावं लागत नव्हतं, वारं कानात घुमत होतं. याच तळ्यांमधलं मीठ कैदी काढत असत. ते विकून तुरुंगाचा खर्च भागवायचा. शेती त्यांनी केली, समुद्राकडची भिंत त्यांनी बांधली, दगडी घरं त्यांनी बांधली. गव्हर्नरसाहेबाचा उन्हाळ्यातला बंगलाही त्यांनीच बांधला, ते आज हॉटेल आहे. रस्तेसुद्धा. १९१७ मध्ये बेट लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखीव झालं, आणि १९३१ पर्यंत कैदी तिथे राबत होते, म्हणजे एकीकडे सुटीला आलेली कुटुंबं आणि दुसरीकडे त्यांच्यासाठी वाटा आणि सोयी करणारे कैदी, असं काही वर्षं एकाच वेळी चाललं होतं. मी सायकलचा ब्रेक दाबला. कशासाठी ते सांगता येणार नाही. लेक मागून येऊन विचारायला लागली, "चक्कर येतेय का?" मी म्हटलं, "नाही, पाणी दे."

दुपारी दोनच्या सुमारास दक्षिणेकडून वारं सुटलं. त्याला तिथे 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, उन्हानं तापलेल्यांना बरं करतो म्हणून. नाव मला फार आवडलं. जॉर्डी बेपाशी थांबून आइसक्रीम खाल्लं, नातू आणि जावई येऊन मिळाले. नातवानं तोफा पाहिल्या होत्या, दुसऱ्या महायुद्धासाठी बसवलेल्या, शत्रूवर एकदाही न झाडलेल्या. त्याबद्दल तो अखंड बोलत होता. मग सगळे मिळून पुन्हा सेटलमेंटमध्ये आलो.

तिथे तुरुंगाची इमारत आहे. अष्टकोनी, १८६३-६४ सालची, मध्ये अंगण आणि भोवती अरुंद कोठड्यांची रांग. तिला 'क्वॉड' म्हणतात, जुन्या इंग्रजी बोलीत तुरुंगाला हा शब्द आहे. एका कोठडीत कित्येक जण दाटीवाटीनं झोपत. १८८३ मध्ये साथ आली तेव्हा साठच्या आसपास माणसं इथे मेली. आम्ही इमारत बाहेरूनच पाहिली. भिंती चुन्यानं रंगवलेल्या, दिसायला छान. आता पुढचं वाक्य मी दोनदा तपासून लिहिते आहे. तुरुंग बंद झाल्यावर ही इमारत पर्यटकांचं निवासस्थान झाली. दोन-तीन कोठड्यांमधल्या भिंती पाडून एक खोली, तिला न्हाणीघर जोडलेलं. लोक तिथे मधुचंद्राला, सुटीला येऊन राहत होते. हे २०१८ पर्यंत चालू होतं! आपल्याकडे तुरुंगात गेलेल्या माणसाला चेष्टेनं 'सरकारचा पाहुणा' म्हणतात. इथे ती चेष्टाही राहिली नव्हती.

फ्रीमँटलला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तिथला गोऱ्या कैद्यांनी बांधलेला तुरुंग पाहिला. भव्य. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या अकरा जागा युनेस्कोनं २०१० मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात तो आहे. वाटाड्या आहे, तिकीट आहे, दुकान आहे. त्या अकरांत रॉटनेस्ट नाही. यादीचा विषय इंग्रजांनी हद्दपार केलेल्या कैद्यांचा, म्हणून नाही, हे मला समजतं. पण एक तुरुंग वारसा आणि समोर दिसणाऱ्या बेटावरचा दुसरा लॉज, हे जवळजवळ आठ वर्षं एकाच वेळी चाललं होतं, हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

क्वॉडच्या मागे थोड्या अंतरावर झाडीत दफनभूमी आहे. किमान तीनशे त्र्याहत्तर माणसं तिथे पुरलेली. एकाच्याही डोक्याशी दगड नाही, नाव नाही. कोठडीत मेलेल्यांची ऑस्ट्रेलियातली ही सर्वांत मोठी जागा मानली जाते. कित्येक दशकं तिच्यावर तंबूंची छावणी भरत होती. नावच 'टेंटलँड'. पोरं तिथे शेकोट्या पेटवत, गिटार वाजवत, तंबूच्या खुंट्या ठोकत. खोदकामात हाडं सापडली, पुढे रडारनं जमिनीखालचा तपास करून हद्द ठरवली, तंबू हलवले. आता तिथे फलक आहेत, शांतता राखायला सांगणारे. २०२४ मध्ये नूंगार आणि राज्यभरचे इतर आदिवासी तिथे विधी करायला जमले होते, मेलेल्यांच्या आत्म्यांना घरी जायची वाट मोकळी करून द्यायला.

आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पाच मिनिटांच्या अंतरावर बेकरीसमोर ही गर्दी. एक क्वोका तेवढा गवत खात होता. मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

आता सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, इतरांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही जातीजमातीच जन्मानं चोर, असं त्यात गृहीत धरलेलं. पारधी, कैकाडी, भामटे, मांगगारुडी आणि अशा कितीतरी. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत केली. हजेरी द्यायची, बाहेर पडायचं तर परवाना घ्यायचा, गिरण्यांमध्ये राबायचं. तिचं नाव सेटलमेंट. देशभर तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तार गेली, पण त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात, आणि आमच्या लहानपणी, म्हणजे तार गेल्यानंतरही, घरातली मोठी माणसं तो शब्द आवाज बदलून उच्चारत.

माझ्या वर्गात त्या वस्तीतली मुलं असत. १९८० नंतरची गोष्ट. आठवीचा वर्ग. सहलीचे पैसे मी गोळा केले होते, दोनशे चाळीस रुपये, टेबलाच्या खणात. मधल्या सुटीनंतर बघते तर नाहीत. मी एका मुलाला उभं केलं. पहिल्यांदा त्यालाच. कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नव्हतं, माझी नजर थेट त्याच्यावर गेली. सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर टेबलावर उलटं केलं. दोन वह्या, एक पेन्सिल, आणि कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी. खिसे बाहेर काढायला लावले. तो रडला नाही, काही बोललाही नाही. सवय असल्यासारखा उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं मला अजून दिसतं.

पैसे शाळा सुटताना सापडले, माझ्याच हजेरीपटाच्या मागे, मीच ठेवलेले. वर्गात सांगायचं धाडस झालं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या तो आला नाही. परवाही नाही. पंधरा दिवसांनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल रेघ मारली ती मीच. वस्ती शाळेपासून सायकलनं पंधरा मिनिटांवर होती. त्या पंधरा मिनिटांचं अंतर मी कधी कापलं नाही. त्या वर्षी त्या वर्गाला मी १८५७ शिकवत होते आणि चांगलं शिकवत होते, मुख्याध्यापकांनी तसा शेरा दिला होता. १८७१चं नाव मी चौतीस वर्षांत एकदाही घेतलं नाही. परीक्षेला नव्हतं, ही माझी सबब आणि ती मला तेव्हा पुरत होती.

१८४१चा कायदा बेटाचा, १८७१चा आमच्याकडचा. दोन्हींवर एकाच राणीच्या सरकारची छाया. पण माझी नजर त्या मुलावर राणीनं वळवली नव्हती.

हे सगळं त्या झाडीत उभं राहून एका दमात आठवलं असं नाही. तिथे फक्त ते दप्तर आठवलं, त्यातली कागदात गुंडाळलेली भाकरी. मी जे दीपगृहाच्या सावलीत बसून खाल्लं होतं तेच. बाकीचं बोटीत बसल्यावर. चारची बोट होती. सायकली परत केल्या, अनामत रक्कम मिळाली. धक्क्यावर ही रांग, सगळ्यांची तोंडं तांबडी, पोरं पेंगुळलेली. मी वरच्या डेकवर वाऱ्यात बसले. नातू येऊन खेटून बसला. त्यानं फोनमधला क्वोकाचा फोटो दाखवला, मग म्हणाला, "आजी, तू तिथे इतका वेळ काय करत होतीस?"

बारा वर्षांचा आहे तो, त्या मुलापेक्षा जेमतेम एक वर्षानं लहान. त्याला सांगितलं. त्याच्या आईनंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मी सांगत होते ते अर्धं मराठी, अर्धं त्याला समजेल तसं. दप्तराचं सांगितलं, पैसे सापडल्याचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तू त्याला सॉरी कधी म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"का?"

लेक म्हणाली, "पुरे रे, आजी दमलीय." दमले होते हे खरं. पण त्याला मी उत्तर दिलं नाही ते त्यामुळे नव्हे.

परत आल्यावर सोलापूरच्या एका जुन्या सहकारी बाईंना फोन केला. त्यांना वर्ग आठवला, सहल आठवली, मुलगा आठवला नाही. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या, त्या वस्तीत शिकवलेल्या एका मास्तरांचा नंबर दिला. मास्तर म्हणाले, त्या नावाची तीन माणसं आहेत, एक गिरणी बंद पडल्यावर पुण्याला गेला, एक वारला, एकाचं रिक्षाचं काम आहे. वय जुळतं का ते विचारून सांगतो म्हणाले. दिवाळीनंतर मी सोलापूरला जाणार आहे. सायकल आता नाही, रिक्षानंच जावं लागेल.